कठड्यापाशी ठेवलेले बूट

९ जून

तोगावा फुमिए यांस,

कपाळ जमिनीला टेकवून हे पत्र लिहीत आहे.

माझी आधीची सर्व पत्रे न फोडता परत आली. ती परत यावीत हेच योग्य होते. तरीही दर महिन्याच्या नऊ तारखेला, तुमच्या कन्या चिनात्सुसान गेल्या त्या तारखेला, मी लिहीत आलो. तुरुंगातल्या कोणी मला हे करायला लावलेले नाही. ज्याला लिहावेसे वाटते त्याने लिहावे, अधिकारी ते वाचून मध्यस्थ कचेरीकडे देतात, आणि घ्यावे की नाही हे तुमच्या मर्जीवर, एवढाच येथला नियम आहे.

तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत साइनो पुलावर माझ्या गाडीने तुमच्या मुलीचा जीव घेतला. बर्फ पडत होता. कडेच्या ढिगाऱ्यातला बर्फाचा गोळा गाडीवर आदळला असे समजून मी न थांबता पुढे गेलो. कोर्टात मी हेच सांगितले. या अपराधाबद्दल मी मनापासून, अंतःकरणापासून क्षमा मागतो.

येथे महिन्यातून एकदा एक भिक्षू येतात. ते म्हणाले, नुसते क्षमा क्षमा लिहू नकोस, तू कोण आहेस ते तरी त्या आईला कळू दे. म्हणून लिहितो. मी गरम झऱ्याच्या गावातल्या एका जुन्या हॉटेलात दारावर होतो. पाहुण्यांची पायताणे सांभाळायची, हे माझे काम. पाहुणा आत गेला की त्याची जोडी उचलायची, पुसायची, आणि टोके दाराकडे करून ठेवायची, म्हणजे निघताना त्याला वाकावे लागत नाही, सरळ पाय घालता येतो. हे काम मी शाळा सुटल्यापासून केले. येथेही न्हाणीघरापाशी सगळ्यांच्या सपाता मीच लावतो. कोणी सांगत नाही, पण हात आपोआप जातो. याखेरीज माझ्याविषयी सांगण्यासारखे काही नाही.

ओगुशी मासातो


२ जुलै

ओगुशी,

तुमचं पत्र फोडलं. फार हुरळून जाऊ नका. परत पाठवायचं तर पोस्टापर्यंत चालत जावं लागतं आणि माझी कंबर धरली होती. पाकीट चार दिवस लोणच्याच्या बरणीखाली पडलं होतं. पाचव्या दिवशी म्हटलं, बघू तरी काय अकलेचे तारे तोडलेत.

पहिलं पान म्हणजे निव्वळ थापाथापी. मनापासून काय, अंतःकरणापासून काय. अहो, असं पत्र तर नळ दुरुस्त करायला उशीर झाला म्हणून पाणीखात्याचा माणूसही लिहितो. फाडून चुलीत घालणार होते. पण दुसरं पान वाचलं आणि हात थांबला.

तुम्ही पायताणांतले जाणकार दिसता. मग मला एक सांगा. दुसरं कोणाला विचारायची माझी सोय उरलेली नाही.

माझी पोर सकाळी बर्फ ढकलणाऱ्या गाडीवाल्याला सापडली, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिच्या पायांत नुसते लोकरीचे मोजे होते. गमबूट कठड्यापाशी होते, जोडीनं, टाचेला टाच लावून. आपल्याकडे जीव द्यायला निघालेला माणूस आधी पायातलं काढून नीट ठेवतो, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पोलिसांनी फोटो काढला आणि त्यांचं तिथंच ठरलं. तुमच्या वकिलानं तोच फोटो कोर्टात धरला, ती आपण होऊन गाडीपुढे आली असावी म्हणाला, आणि तुमची शिक्षा उतरली. गावात आता कोणी काही बोलत नाही. मी दुकानात शिरले की लोक तांदळाच्या पिशव्यांवरची किंमत वाचायला लागतात.

पण त्या फोटोत बुटांची टोकं रस्त्याकडे आहेत. टाचा कठड्याकडे. मी फौजदाराला विचारलं, जीव द्यायला निघालेलं माणूस बूट काढल्यावर ते उलटे कशाला फिरवील? तो म्हणाला, आजी, घरी जा, विश्रांती घ्या. मी तेव्हा आजी नव्हते आणि आता होण्याची शक्यताही उरली नाही.

दुसरं असं की माझ्या पोरीनं जन्मात कधी बूट नीट ठेवले नाहीत. एक दारात, एक मांजराच्या ताटलीत.

तेव्हा सांगा. तुम्ही हजारो लोकांचे बूट पाहिलेत. असे बूट कोण ठेवतं? आणि तुमची गाडी आली तेव्हा ती पुलावर कशी होती? चालत होती की उभी होती? तोंड कुणीकडे होतं? एवढं सांगितलंत तर तुमच्या त्या अंतःकरणाचं मी काहीतरी मानीन.

तोगावा फुमिए


९ जुलै

तोगावासान,

आपण उत्तर लिहिलेत, याबद्दल मी कसे आभार मानू हे मला कळत नाही.

आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी असते तर किती बरे झाले असते. बर्फ दाट होता आणि काचेतून काही दिसत नव्हते. मी थांबलो नाही, म्हणून मी काही पाहिले नाही. आपल्या मुलीला जीव द्यायचा नव्हता असेच मला वाटते. त्या घरीच चालल्या असाव्यात. धडक बसल्यावर मापापेक्षा मोठे बूट पायांतून सहज निसटतात. नंतर वाऱ्याने किंवा बर्फाने ते तसे उभे राहिले असतील. याहून अधिक मला सांगता येत नाही.

सप्टेंबरात माझ्या मुदतपूर्व सुटकेचा विचार व्हायचा आहे. वडील अंथरुणाला खिळले आहेत आणि मी येईपर्यंत थांबतो म्हणतात. सुटलो तर पहिल्यांदा आपल्या मुलीच्या समाधीपुढे उदबत्ती लावण्याची परवानगी मागायला येईन.

कृपया आपल्या कंबरेची काळजी घ्यावी.

ओगुशी मासातो


२६ जुलै

ओगुशी,

वाऱ्यानं बूट जोडीनं उभे राहिले म्हणता. मग तुमच्या हॉटेलवाल्यानं तुम्हाला पगार कशाला दिला? दारात पंखा लावायचा होता.

माझ्या कंबरेचं जाऊ द्या. तुमचं पत्र मी दहादा वाचलं आणि एका शब्दाशी येऊन दरवेळी अडकले. मापापेक्षा मोठे बूट. बूट मोठे होते हे तुम्हाला कोणी सांगितलं? मी लिहिलेलं नाही. कोर्टात कोणी म्हटलेलं नाही, तिथं सगळे 'बायकी गमबूट' एवढंच म्हणत होते. त्या दिवशी ती माझे बूट घालून गेली होती. तिचे गळत होते. माझे तिला पुष्कळ मोठे व्हायचे, चालताना फटाक फटाक वाजायचे. हे मला ठाऊक, आमच्या ह्यांना ठाऊक. आणि तुम्ही तर थांबलाच नाहीत.

आता मीही एक सांगते, जे मी आमच्या ह्यांनाही नीट सांगितलेलं नाही. हे वाचणाऱ्या अधिकारीसाहेबांनीही खुशाल वाचावं.

त्या सकाळी तिचे बूट नेहमीप्रमाणे दारात आडवे पडले होते. रात्रीचा बर्फ त्यांत वितळलेला. मी अडखळले आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, पंचवीस वर्षांची घोडी झालीस, दोन बूट जोडीनं ठेवता येत नाहीत, तू जन्मात कोणाचं घर सांभाळणार आहेस? त्याच महिन्यात तिचं ठरत आलेलं लग्न मोडलं होतं. पोरानं दुसरीकडे जमवलं होतं. मला माहीत होतं, तरी मी ते बोलले. तिनं माझे बूट घातले आणि कामावर गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते बूट जोडीनं ठेवलेले सापडले. आता तुम्हीच सांगा मी काय समजायचं. जन्मात एकदा तिनं बूट नीट ठेवले, ते तिथं. म्हणजे ते मला उत्तर होतं का? घे, ठेवले नीट, झालं समाधान? तीन वर्षं मी हाच विचार करत उठते आणि हाच विचार करत आडवी होते. आमचे हे माझ्याशी भांडतही नाहीत. जेवायला बसले की माझ्याकडे न बघता भात संपवतात. त्यांचंही तेच म्हणणं असणार.

म्हणून फोटोतली टोकं बघत बसते. टोकं रस्त्याकडे आहेत म्हणजे तिनं ठेवले नसतील, असं दिवसा वाटतं. अंधार पडला की वाटतं, मी स्वतःला फसवतेय.

पुढच्या महिन्यात ओबोन. गेलेली माणसं घरी येतात. दारात कंदील लावायचा. गेल्या तिन्ही वर्षी मी कंदील लावला आणि मागच्या खोलीत जाऊन बसले. तिच्यासमोर जायची हिंमत झाली नाही.

बूट मोठे होते हे तुम्हाला कसं कळलं?

तोगावा फुमिए


२१ ऑगस्ट

ओगुशीसान,

नऊ तारखेचं तुमचं पत्र आलं नाही. आज एकवीस झाली. इतकी वर्षं तुमची पत्रं आली की अंगाचा तिळपापड व्हायचा, आणि या महिन्यात मी पोस्टमनच्या स्कूटरचा आवाज ऐकत दारात उभी. त्यानं विचारलं, बाहेरगावाहून कोणाची वाट बघताय का? काय सांगणार होते त्याला?

ओबोन होऊन गेला. कंदील लावला नाही. आमच्या ह्यांनी विचारलं, मी म्हटलं मेणबत्ती संपली. त्यांनी कपाट उघडून मेणबत्त्यांचं खोकं बघितलं, परत कपाट बंद केलं आणि बाहेर निघून गेले.

मागच्या पत्रात मी तुम्हाला टोचून बोलले, पंख्याचं वगैरे. ते सोडून द्या. माझी जीभ तशीच आहे, तिनंच माझं वाटोळं केलं. आता टोचायचं त्राण नाही. मी भीक मागते आहे असं समजा. तुम्ही थांबला होतात. मला ते कळलंय. पोलिसांकडे जाणार नाही, वकिलाकडे जाणार नाही. मला कोणाला आणखी शिक्षा करायची नाही. सुटकेच्या मंडळाचा माणूस माझं मत विचारायला येणार आहे. तुम्ही खरं सांगितलंत तर मी त्याला तुमच्या बाजूनं चांगलं सांगेन. हा माझा शब्द.

बूट तिनं ठेवले होते का? हो किंवा नाही, एवढंच लिहा. हो असलं तरी लिहा. हो असलं तर मी काय करायचं ते माझं मी बघीन.

फुमिए


९ सप्टेंबर

तोगावासान,

नाही. ते बूट मी ठेवले.

आधी एवढंच लिहून पत्र संपवणार होतो. मग वाटलं, एवढ्यानं तुमचं भागणार नाही. हे पत्र लिहिण्याआधी मी इथल्या अधिकाऱ्यांना सगळं सांगितलं, कारण पत्र ते वाचणारच होते आणि तुमच्याआधी त्यांना कागदावरून कळावं हे मला बरं वाटलं नाही. सुटकेचा अर्ज बाजूला ठेवला गेला. वडिलांना कळवलं आहे. त्यांचं उत्तर आलेलं नाही. मंडळाला माझ्यासाठी काही सांगू नका. त्या बदल्यात लिहिल्यासारखं मला वाटायला नको आहे.

त्या दिवशी आमच्या मॅनेजरचा निरोपसमारंभ होता. मी दोन पेले साके प्यायलो होतो. पुलावर गाडी घसरली आणि कोणालातरी लागली, हे मला त्याच क्षणी कळलं. बर्फाचा गोळा वगैरे मी नंतर वकिलासमोर बसून बनवलं.

मी थांबलो. उतरलो. तुमची मुलगी कठड्याला टेकून बसली होती. बसली होती, तोगावासान. शुद्धीवर होती. कुठं रक्त दिसत नव्हतं. मी विचारलं, कुठं लागलं? ती म्हणाली, पोटात दुखतंय, पण आधी माझे बूट बघा, बूट कुठं उडाले? मी बघितलं, एक रस्त्याच्या मध्यावर होता, एक पलीकडच्या ढिगात. मी दोन्ही आणले. आत शिरलेला बर्फ झटकला. आणि तिच्याशेजारी ठेवले, टाचा कठड्याकडे, टोकं बाहेर, म्हणजे ती उठली की सरळ पाय घालता येतील. मी काही ठरवून केलं नाही. माणूस बसलंय आणि शेजारी बूट आहेत, तर माझा हात दुसरं काही करूच शकत नाही.

ती बुटांकडे बघून हसली. मग जे बोलली त्याचा अर्थ मला कळला नाही, आणि कळला नाही म्हणूनच तो शब्द लक्षात राहिला. ती म्हणाली, "स्टेशनमास्तरचे बूट आहेत ते. अशी जोडी लावलेली बघून स्टेशनमास्तरला चक्कर येईल." मला वाटलं, डोक्याला मार बसलाय, काहीतरी बरळतेय. ती रेल्वेत कामाला नव्हती हे मला नंतर कोर्टात कळलं. त्यामुळे कोण स्टेशनमास्तर हे मला आजही माहीत नाही.

मी म्हटलं, फोन गाडीत आहे, मदत बोलावतो. ती म्हणाली, लवकर या हं, घरी वाट बघतायत. मी गाडीत बसलो. फोन हातात घेतला. तोंडाला साकेचा वास येत होता. नोकरी जाईल, वडिलांना कळेल, एवढंच डोक्यात आलं. दुसरं कोणीतरी येईलच या रस्त्यानं, असं स्वतःला सांगितलं आणि गाडी सुरू केली. त्या संध्याकाळी नंतर बर्फामुळे पूल बंद केला होता हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

कोर्टात तो फोटो दाखवला तेव्हा मी ओळखलं, ती मीच लावलेली जोडी. वकील म्हणाला, नशीबवान आहात, हिनं स्वतःच ठेवलेत. मी गप्प बसलो. तुम्ही समोरच्या बाकावर होता. तुमचा चेहरा मी बघितला आणि तरीही गप्प बसलो.

पत्रं लिहीत होतो ती हे सांगण्यासाठी. पण दरवेळी लिहायला बसलो की क्षमेचा शब्द लिहायचो आणि त्याच्या आड लपायचो. तुम्ही ती परत पाठवायचात तेव्हा मला आतून सुटल्यासारखं वाटायचं. हेही लिहून टाकतो.

तुमची मुलगी मरायला निघाली नव्हती. ती घरी चालली होती.

मासातो


९ ऑक्टोबर

ओगुशीसान,

महिनाभर लिहिता आलं नाही. तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी मनात म्हटलं, लबाड आहे हा. मी माझ्या पत्रात घरातलं भांडण सांगितलं, त्यावरून यानं गोष्ट रचली, म्हातारीला बरं वाटावं म्हणून. तसंच वाचत गेले आणि मग तो शब्द आला.

स्टेशनमास्तर मी आहे.

ती सहावीत असताना तिनं हे नाव पाडलं. संध्याकाळी तिला उशीर झाला की मी दारात घड्याळ बघत उभी राहायची, म्हणून. घरात कोणी पाहुणं असलं की ते नाव ती गिळायची. मी ते तुम्हाला लिहिलं नव्हतं. पोलिसांना सांगितलं नव्हतं. ते तुम्हाला दुसरीकडून कळायला जगात जागा नाही.

पत्र घेऊन मी आमच्या ह्यांच्याकडे गेले. ते मागे मुळे धूत होते. चष्मा नव्हता म्हणून मी मोठ्यानं वाचलं. त्या शब्दाशी आले आणि थांबले. त्यांनी ओल्या हातांनीच कागद घेतला, डोळ्यांशी धरला आणि पुढचं स्वतः वाचलं. मग तिथंच पाटावर बसून एवढ्या मोठ्यानं रडले की शेजारच्या बाई कुंपणापाशी आल्या. तीन वर्षांत त्यांचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. नंतर म्हणाले की त्यांना वाटत होतं, तिनं त्यांच्यामुळे जीव दिला, कारण मोडलेलं ते लग्न त्यांनीच जमवलं होतं. बघा आता. एका ताटात जेवत होतो आणि दोघांनी आपापलं दुखणं असं लपवून ठेवलं.

आता दुसरं. ते तुम्हाला ऐकावं लागेल. ती बसली होती. बोलत होती. हसली. लवकर या म्हणाली. हे वाचल्यापासून माझी झोप नव्यानं उडाली आहे. आधी मी विचार करायची की तिनं असं का केलं. आता विचार करते की ती तुमची वाट बघत किती वेळ बसली असेल, आणि कोणत्या क्षणी तिला कळलं असेल की तुम्ही येत नाही. हे तुम्ही मला दिलंत. मी मागितलं होतं, तुम्ही दिलंत, तक्रार कुठं करू? पण याची क्षमा माझ्याकडे नाही. शोधली, खरंच शोधली, तुमच्यासाठी नाही तर मला हलकं वाटावं म्हणून. सापडली नाही.

मंडळाचा माणूस आला होता. तुम्ही नको म्हणालात, पण मी शब्द दिला होता. मी म्हटलं, या माणसानं खरं सांगितलं, सांगितलं नसतं तर त्याचं काही बिघडणार नव्हतं. त्यानं लिहून घेतलं. मग विचारलं, म्हणजे त्याला सोडावं असं तुमचं म्हणणं आहे का? मी उठून चहा टाकायला गेले. तो बराच वेळ पेन धरून बसला. शेवटी चहा पिऊन गेला.

पोलिसांनी बूट परत दिले होते ते पिशवीतच होते, मी कधी उघडली नव्हती. परवा उघडली. धुतले नाहीत. दारात नेले आणि टाकले, एक आडवा, एक मांजराच्या ताटलीपाशी, टोकं घराच्या आत. ती आल्यावर असेच असायचे. मग ओबोन कधीच होऊन गेला असला तरी कंदील काढून लावला. काडी आमच्या ह्यांनीच ओढली.

काल शेजारच्या बाई भाजी द्यायला आल्या आणि दारात बोलता बोलता सवयीनं बूट सरळ लावायला वाकल्या. मी ओरडले त्यांच्यावर. त्या घाबरून भाजी तिथंच ठेवून गेल्या. आज जाऊन मी त्यांची माफी मागितली, आणि पहिल्यांदा त्यांना सगळं सांगितलं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असणार. होऊ दे.

तुम्ही नऊ तारखेला लिहीत राहा. क्षमेचं लिहू नका. ती काय बोलली ते लिहा, तेच, पहिल्यापासून, आवाज कसा होता, कोणता बूट आधी आणलात, हसली त्याच्या आधी काय झालं. काही आठवलं तर जास्त लिहा, पण पदरचं घालू नका. मला कळेल.

आणि कधी सुटलात, आणि उदबत्ती लावायला आलातच, तर मी दार उघडीन की नाही हे आज सांगत नाही. उघडलं तर आत या. दारातल्या बुटांना हात लावू नका.

तोगावा फुमिए